दोन डाव्या बाजू

जावयाला या बोटीतून काय मिळणार होतं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे त्याच्या भलेपणाने कोणी उगाच विरघळायला नको. त्याला त्याची बायको परत मिळणार होती. ती तशी कुठे गेली नव्हती. एकाच घरात राहत होती दोघं, एकाच कपाटात दोघांचे कपडे. पण सकाळी शाळेत शिकवायला जायच्या आधी ती बंदराकाठी राहणाऱ्या आपल्या वडिलांकडे जायची, आणि शाळा सुटली की पुन्हा तिथेच. त्यांचा स्वयंपाक, त्यांची औषधं, जिन्यावर धरणं, घसरले तर उचलणं. सगळं उरकून घरी पोचायचं ते तिचं उरलंसुरलं. जेवायला बसून ती एखादं वाक्य सुरू करायची आणि क्रियापद यायच्या आत डुलकी काढायची. जावयाने अशी अर्धी वाक्यं इतकी ऐकली होती की शेवट तो स्वतःच मनातल्या मनात करून घ्यायचा, आणि तो बहुतेक चुकायचा.

उपाय सोपा होता. वडिलांनी लेकीकडे राहायला यावं. मागची खोली जावई मोकळी करून देणार होता; तिथे त्याची जुनी हत्यारं, बिघडलेले पंखे आणि कधीतरी उपयोगी पडेल असा बराचसा निरुपयोग साठवलेला होता. एक खोली द्यायची आणि बायको घ्यायची, यात तोटा कुठेच नव्हता. अडचण एवढीच की अप्पा यायला तयार नव्हते.

अप्पा म्हणजे सासरे. सगळं आयुष्य त्यांनी ओढबोट हाकली होती, मोठ्या जहाजांना दोर लावून धक्क्याशी आणून उभी करणारी, बुटकी, जाड कमरेची, धुराने काळवंडलेली बोट. ती केव्हाच भंगारात गेली. तिच्यामागून सासूबाई गेल्या. उरली ती तिसऱ्या मजल्यावरची खोली आणि तिची पाण्याकडची खिडकी. त्या खिडकीत खुर्ची टाकून अप्पा दिवसभर दुसऱ्यांच्या बोटींच्या चुका काढत बसायचे.

"तुझ्याकडे येऊन करू काय?" ते लेकीला म्हणायचे. "नवरा तुझा चौकोन बनवतो आणि चौकोनात राहतो. मला कोपरे टोचतात."

जावई पत्र्याचं काम करायचा. दुकानं, दवाखाने, नाटकघरं यांच्या छतातून गार हवा फिरवणारे पत्र्याचे बोगदे तो बनवायचा, आणि ते बोगदे चौकोनी असतात. लग्न ठरवायच्या बैठकीतच अप्पांनी विचारलं होतं, "गोल काही बनवता का?" तो म्हणाला होता, "गरज पडली तर." ती गरज त्यानंतर कधी पडली नाही. तेव्हापासून तो समोर जावईबापू आणि पाठीमागे चौकोन झाला. सासूबाई गेल्यावर अप्पांना सांभाळून बोलायला लावणारं कोणी उरलं नाही, तसा तो समोरही चौकोनच झाला.

एका रविवारी जावई सरळ विषयावर आला. "अप्पा, खोलीत काय काय हवंय ते सांगा. तसं करून देतो."

"बोट दे."

"कसली बोट?"

"माझी. कागदाची नको, लाकडाची नको. धातूची. पोट गोल, नाळ उचललेली." नाळ म्हणजे बोटीचं पुढचं टोक, हे जावयाला इतक्या वर्षांत ऐकून ऐकून कळलेलं होतं. "डोळे मिटून हात फिरवला की मला ती माझीच वाटली पाहिजे. दर वर्षी मीच रंगवायचो तिला, माझा हात फसायचा नाही. बोट झाली की पेटी उचलून येतो."

"अप्पा, हा काय हट्ट?" लेक म्हणाली.

"हट्ट नाही गं. तो खोली देणार, मग त्याने खोलीत काय ठेवायचं ते मला विचारलं. मी सांगितलं."

अप्पांचाही हिशोब पक्का होता. चौकोनाच्या हातून गोल पोट निघणार नाही याची त्यांना खात्री होती. म्हणजे लेकीला नाही म्हणायला नको, दिलेला शब्द मोडायला नको, आणि खिडकी सोडायलाही नको.

धातूचा प्रश्न जावयाने त्याच दिवशी सोडवला. त्याच्या दुकानात होता तो जस्ताचा मुलामा दिलेला, ताठ, हट्टी पत्रा. त्याला कोपऱ्यात मुडपता येतं, फुगवता येत नाही. पण माळ्यावर त्याच्या आईचं तांब्याचं मोठं भांडं पडून होतं. आई त्यात अंघोळीचं पाणी तापवायची. ती गेल्यापासून ते कोणी वापरलं नव्हतं आणि विकायचं नावही कोणी काढलं नव्हतं. तांबं मऊ असतं, तापवून गार केलं की ठोकाल तसं वळतं. भांडं उकलून सपाट केलं तर बोटीच्या दोन बाजू बसतील एवढा पत्रा निघत होता. तिसरी बाजू निघत नव्हती. म्हणून चूक करायची ती आधी कागदावर करून घ्यायची, असं त्याने ठरवलं.

कागद बायकोने पुरवला. शाळेतल्या भिंतींवरचे जुने तक्ते रद्दीत निघाले होते, ते ती गुंडाळी करून घेऊन आली. जाड, एका बाजूने गुळगुळीत, मापाला उत्तम. फक्त त्यांच्यावर छापील विद्या होती. त्यामुळे पहिल्या बोटीच्या पोटावर बरोबर जठर आलं आणि मोठं आतडं नाळेपर्यंत पोचलं.

"ही बोट काय खाऊन आलीय?" अप्पांनी विचारलं. मग डोळे मिटून हात फिरवला. "बूट आहे हा. दुसरा कुठे आहे?"

जावई निमूटपणे बूट परत घेऊन आला. राग यायला हवा होता, पण म्हातारा चुकीचं बोलला नव्हता. सपाट कागद एका बाजूने छान वळतो. नळी करा, शंकू करा, तक्रार करत नाही. पण त्याला एकाच वेळी दोन्हीकडून वळवायला गेलं, जसं बोटीचं पोट वळलेलं असतं, की तो अडून बसतो. कुठे सुरकुततो, कुठे ताणून फाटतो. चौकोनवाल्याला हे नवं होतं. मग त्याने कागदाशी भांडण सोडलं आणि तो काय सांगतो ते ऐकायला सुरुवात केली. जिथे सुरकुती पडेल तिथे चुणी घेऊन चिकटवायची. जिथे ताण येईल तिथे चीर द्यायची आणि उघडलेल्या फटीत कागदाची पाचर बसवायची. चुणी म्हणजे उद्या तिथे तांबं ठोकून आकसवायचं. पाचर म्हणजे तिथे ठोकून ताणायचं. कागदाने जे जे दुखणं सांगितलं ते धातूला होणारच होतं.

दुसरी बोट, अप्पांच्या मते, गरोदर होती. तिसरीची नाळ फारच वर होती, "पाण्याला नाक मुरडल्यासारखी." चौथीवर मात्र त्यांचा हात एका जागी थांबला. डाव्या बाजूला, पुढच्या खांद्यावर.

"हे बरोबर आहे," ते नाराजीने म्हणाले.

बरोबर आलेला तो खांदा पाचवीतही आणायचा होता, पण पाचवी बोट बसमध्ये एका जाड गृहस्थाच्या खाली गेली. जावई चपटा झालेला कागद घेऊन तिसऱ्या मजल्यावर पोचला, तेव्हा अप्पा पहिल्यांदा त्याच्या बाजूने चिडले.

"बसमधून कशाला आणतोस? पुढच्या खेपेला मीच येतो बघायला." आणि लगेच सावरून म्हणाले, "बघायला. राहायला नाही."

"मी कुठे काय म्हणालो?" जावई म्हणाला.

इथून पुढे जावयाने थोडी लबाडी केली, आणि ती लिहून ठेवायला हवी. रविवारी तो अप्पांना टॅक्सीने घरी आणायचा. मागच्या खोलीत टेबल लावलेलं असायचं. अप्पा हात फिरवायचे, पेन्सिलने खुणा करायचे, इथे आत घे, इथे फुगू दे. जावई चीर द्यायचा, पाचर बसवायचा, डिंक लावायचा. आणि संध्याकाळी अप्पा निघायला उठले की म्हणायचा, "निघायचं तर निघा, पण डिंक वाळलेला नाही. आत्ता हात लावला तर आकार जाईल. सकाळी बघितलंत तर खरं काय ते कळेल."

मग अप्पा राहायचे. डिंकासाठी. पहिल्यांदा जावयाचा सदरा घालून झोपले. पुढच्या खेपेला सोबत स्वतःचा सदरा आणला, मग दाढीचं सामान, मग ती विशिष्ट उशी, जिच्यावाचून त्यांची मान दुखायची. लेक हे सगळं बघत होती आणि एक अक्षर बोलत नव्हती. फक्त एकदा ताटं मांडताना नवऱ्याला हळूच म्हणाली, "डिंक जरा पातळच ठेवा हो," आणि तिचं हे वाक्य पूर्ण होतं.

शेवटी एक कागदी बोट अशी झाली की अप्पांनी डोळे मिटून तिच्यावरून हात फिरवला, परत फिरवला, आणि चष्मा पुसत बसले. जावयाने तीच खरी धरली. तिची डावी बाजू अलगद सोडवून टेबलावर सपाट केली. सोललेल्या सालीसारखा एक विचित्र आकार निघाला. उजवी बाजू म्हणजे तोच आकार, उलटा घातलेला; तो त्याने दुसऱ्या तक्त्यावर उतरवून कापला. आता दोन्ही कागदांवर सूचना लिहायच्या होत्या, म्हणजे दुकानात तांबं ठोकताना गोंधळ नको. डाव्या बाजूवर त्याने लिहिलं. उजवी लिहायला घेणार तोच अप्पांनी पेन्सिल काढून घेतली.

"एक बाजू तुझी, एक माझी. मी पण काही कुचकामी नाही."

त्यांनी चष्मा चढवला आणि जीभ ओठात धरून, मोठ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: उजवी, नाळ इकडे, इथे आत, इथे बाहेर. जावई तेव्हा दारात गिऱ्हाइकाशी फोनवर बोलत होता. परत आला तोवर कागदाची गुंडाळी झालेली होती.

डावी बाजू आधी झाली. तांबं लाल होईपर्यंत तापवायचं, गार करायचं, वाळूच्या पिशवीवर ठेवून लाकडी हातोडीने ठोकायचं, कडक झालं की पुन्हा तापवायचं. एक घाव कागदाच्या बाहेर गेला तो अंगठ्यावर बसला, आणि नख काळं पडून यथावकाश गळून गेलं. पण कागद खोटं बोलला नव्हता. ठोकता ठोकता एके दिवशी आईच्या भांड्यातून बोटीचा खांदा वर आला आणि जावई हातोडी खाली ठेवून त्याच्याकडे बघत उभा राहिला. आयुष्यात त्याने पहिल्यांदा काहीतरी असं बनवलं होतं की ज्याला कोपरा नव्हता.

अप्पांनी ती बाजू घेतली, डोळे मिटले, हात फिरवला.

"माझीच," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी ती सोडलीच नाही. स्वतःच्या घरी जाताना टॅक्सीत मांडीवर घेऊन गेले, येताना मांडीवर घेऊन आले. त्यामुळे दुसरी बाजू ठोकताना ताडून बघायला पहिली जावयाजवळ नव्हती. होता तो फक्त अप्पांनी लिहिलेला कागद.

दुसरी बाजू फडक्यात गुंडाळून त्याने रविवारी घरी आणली. मागच्या खोलीत अप्पा टेबलाशी बसूनच होते. बायको चहाचा ट्रे घेऊन मागोमाग आली. जावयाने फडकं सोडलं, दोन्ही बाजू शेजारी ठेवल्या, आणि पोटाखालच्या जोडाशी त्या एकमेकींना भिडवायला गेला.

भिडेनात. पोटं दोन्हीकडे बाहेर येतील अशा धरल्या तर एक नाळ खिडकीकडे आणि दुसरी दाराकडे. नाळा एकीकडे आणल्या तर एकीचं पोट आत. त्याने फिरवून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग हात थांबले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"दोन्ही डाव्याच झाल्यात," तो म्हणाला.

कागद टेबलावरच होते. त्याने अप्पांचा कागद उचलला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला, आणि त्याला सगळं कळलं. पत्र्याचं काम करणारा माणूस खुणा नेहमी आतल्या अंगाला करतो, कारण बाहेर ओरखडा दिसता कामा नये. त्याच्या हाताला दुसरं माहीतच नव्हतं. लिहिलेलं दिसलं की ते आत गेलं. अप्पांनी जन्मभर बोट रंगवलेली, आणि बोटीवर जे लिहायचं ते बाहेरून, लोकांना वाचता यावं म्हणून. कागदावरही त्यांनी तसंच बाहेरून लिहिलं होतं. लिहिलेली बाजू आत घालून ठोकली की उजवीची डावी होते.

त्याने हे सांगितलं. कोणाचं चुकलं ते सांगितलं नाही. त्याला स्वतःलाही ते ठरवता आलं नसतं.

अप्पांनी कागद हातात घेतला. "अक्षर माझं आहे," ते म्हणाले. मग त्यांनी तो खाली ठेवला. "तांबं उरलंय का?"

"भांड्याच्या कड्या उरल्यात, अप्पा. बाकी सगळं यात गेलं."

"म्हणजे बोट झाली नाही."

"नाही झाली."

चहा गार होत होता. जावई मनात पुढची सोमवारची सकाळ बघत होता: बायको चपला घालतेय, पिशवी खांद्याला, बसथांब्यावर. इतके रविवार, इतका डिंक, आईचं भांडं, आणि शेवटी हाती दोन डाव्या बाजू. अट अप्पांनीच घातली होती आणि ती पुरी झाली नव्हती. म्हाताऱ्याला आता फक्त टॅक्सी बोलव एवढंच म्हणायचं होतं. कोणी त्याला नावं ठेवली नसती.

अप्पांनी दोन्ही तांब्याच्या बाजू टेबलावर आडव्या केल्या, पोटं वर. एकीवर एक तळवा, दुसरीवर दुसरा.

"धक्क्यावरून बोट कशी दिसते, पाहिलंयस कधी?" त्यांनी जावयाला विचारलं.

"पाहिलंय की."

"नाही पाहिलंयस. अर्धी दिसते. जी बाजू धक्क्याला लागते तेवढीच. आमची कायम डाव्या अंगाने लागायची. हिची आई वरून त्या खिडकीतून बघायची, मी आलो का ते. जन्मभर तिने एवढंच पाहिलं." त्यांनी एका बाजूवर बोटं वाजवली. "उजवी बाजू आहे की नाही याची तिने कधी चौकशी केली नाही. तिला ही दाखवली असतीस तर ती म्हणाली असती, झाली की बोट. अजून काय पाहिजे?"

त्यांनी दोन्ही बाजू जावयाकडे सरकवल्या.

"पाठीमागे लाकडी फळी लाव आणि भिंतीवर टांग," अप्पा म्हणाले. "एक तुझ्या दुकानात टांग. त्या चौकोनांना बघू दे जरा. आणि एक माझ्या खोलीत."

"कुठल्या खोलीत, अप्पा?" लेकीने विचारलं. ट्रे तिच्या हातातच होता.

"याच. दुसरी कुठली आहे मला?" मग जावयाकडे वळून ते म्हणाले, "आणि डिंक तासाभरात वाळतो. इतकी वर्षं बोटीची डागडुजी करत आलो, एवढं मला कळत नाही होय? मी आपला गप्प राहायचो. उशी चांगली लागायची इथे."

जावयाला बोलायचं होतं. आभार मानायचे होते, पण ते कशाबद्दल आणि कुठून सुरू करायचे ते सापडेना. तो नुसता "अप्पा" म्हणाला आणि वाक्य तिथेच राहिलं. बायको हसली. तिने ट्रे ठेवला आणि म्हणाली, "आता तुम्ही पण अर्धं बोलायला लागलात."

आता या बोटीपायी कोणी काय किंमत भरली ते.

जावयाच्या आईने भांडं दिलं, तेही तिला न विचारता घेतलेलं. पण त्यातून काय झालं ते बघून ती दोन शब्द सुनावून गप्प बसली असती. शाळेने आतडी दिली. लेकीने आधीच इतकं भरून ठेवलं होतं की तिच्याकडून आणखी काही घेणं बरं दिसलं नसतं. ती आता जेवताना सगळी वाक्यं पूर्ण करते आणि त्यातली निम्मी नवऱ्याच्या तक्रारीची असतात. तो ती शेवटपर्यंत ऐकून घेतो. जावयाने एक खोली दिली, बरेच रविवार दिले आणि अंगठ्याचं नख दिलं. नख परत आलं. आपण पुष्कळ दिलं असं त्याला काही दिवस वाटत होतं.

मग बंदराकाठची खोली रिकामी करायचा दिवस आला. सामान थोडंच होतं. खुर्ची शेवटी उचलायची म्हणून अप्पा तिच्यात बसून राहिले होते. बाहेर एक ओढबोट कुठल्याशा मोठ्या जहाजाला घेऊन येत होती आणि दोर फार आखूड धरला होता. अप्पांनी ते पाहिलं, तोंड उघडलं आणि चूक न काढता मिटलं. मग ते उठले.

"लाव रे ती," त्यांनी खिडकीकडे बोट केलं. "वारा येतोय."

त्यांनी त्याला चौकोन म्हटलं नाही, जावईबापूही म्हटलं नाही. जावयाने खिडकी लावली. कडी घट्ट होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. नव्या खोलीच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसते. अप्पांची खुर्ची तिच्याकडे पाठ करून ठेवलेली आहे, तांब्याच्या डाव्या बाजूकडे तोंड करून.

खिडकी अप्पांनी दिली. एकदा दिली की ती परत येणारी नव्हती, हे अट घालतानाच त्यांना ठाऊक होतं, आणि तरीही बोट अर्धीच हाती आल्यावर त्यांनी खिडकी पुरी देऊन टाकली.